तळे राखणार कोण?
भंडारा जिल्ह्यातले पाणी, पर्यावरण आणि स्थानिक स्वराज्य संस्थांची तिजोरी : एक आढावा

जुलैचा मध्य. पाऊस दडी मारून बसलेला. बांध्यांमध्ये धानाचे पऱ्हे हातभर झालेत, रोवणीच्या बाया सांगून ठेवल्यात आणि चिखल मात्र वरून सुकायला लागला आहे. अशा वेळी साकोली-लाखनीकडच्या गावात माणसे आभाळाकडे बघणे सोडून तळ्याकडे बघायला लागतात. तळ्यात पाणी असते. पण पाणी सोडायचे तुडूम गाळाने बुजलेले, पाटात बेशरमची झुडपे माजलेली आणि पाळीला खेकड्या-उंदरांनी भोके पाडलेली. मग पाळीवर चार माणसे जमतात आणि संवाद ठरलेला असतो.

“भाऊ, जिल्हा परिषदेत अर्ज देला होता ना?”

“देला होता. साहेब येऊन मोजून बी गेले. इस्टिमेट झालं. निधी नाही म्हणतेत.”

भंडारा जिल्ह्याच्या पाण्याचा सारा प्रश्न या दोन वाक्यांत येऊन जातो. इथे पाऊस कमी नाही. वर्षाला सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. तळी कमी नाहीत. जिल्हा परिषदेच्या दप्तरी असलेले माजी मालगुजारी तलावच हजाराहून जास्त आहेत, शेतकऱ्यांच्या खासगी बोड्या, म्हणजे छोटी तळी, वेगळ्या. वैनगंगा, बावनथडी, सूर, चुलबंद अशा नद्या आहेत. योजनांचा तर सुकाळच. तरी पाळीवरचा माणूस दरवर्षी तेच विचारतो. पाणी आणि पर्यावरण राखण्यासाठी सार्वजनिक पैसा खर्च करायला इथली ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगर परिषद कितपत तयार आहे? ठराव बघितले तर पूर्ण तयार. अंदाजपत्रके उघडली की वेगळेच दिसते : बांधायला पैसा येतो, राखायला येत नाही. हे असे का झाले, याचा हा आढावा.

तळ्याखाली भिजेल तेवढी जमीन

या भागात तळी बांधली ती प्रामुख्याने कोहळी समाजाने. गोंड राजांच्या काळात जो जंगल तोडून गाव वसवील त्याला गाव आणि जो तळे बांधील त्याला त्या तळ्याखाली भिजेल तेवढी जमीन, असा रिवाज होता, असे सांगतात. आज गोंदिया जिल्ह्यात असलेला नवेगावबांध कोलू पाटील कोहळीने बांधल्याची आख्यायिका झाडीपट्टीत अजून ऐकायला मिळते. साकोली तालुक्यातला शिवणीबांध त्याच परंपरेतला. इंग्रजांनी १८६०नंतर मध्य प्रांतात जमाबंदी केली, पाटलांना मालगुजार म्हणून मालकी हक्क दिले आणि गावातल्या चालीरीती ‘वाजिब-उल-अर्ज’ या दस्तऐवजात नोंदवल्या. कोणत्या बांधीला आधी पाणी, कोणाला मागून, पाळीवर माती टाकायला प्रत्येक घराने किती दिवस यायचे, हे सगळे गावाला पाठ असे. पाणी सोडायला पाणकर असे आणि त्याचा मोबदला धान निघाल्यावर धानातच मिळे.

‘तळे राखील तो पाणी चाखील’ ही म्हण आपण हल्ली फक्त लाचखोरीसाठी वापरतो. इथे ती अक्षरशः मजुरीची अट होती. राखणाराला चाखायचा हक्क होता, म्हणून राखण होत होती. या व्यवस्थेला सोन्याचा मुलामा द्यायचे कारण नाही. मालगुजाराच्या तळ्यावर राबणाऱ्या सगळ्यांची बांधी सारखी भिजत नव्हती आणि वेठही होती. पण एक गोष्ट खरी : देखभालीचा खर्च पाण्याच्या वाटपातच गुंफलेला होता. तो वेगळा मागायला कुठे जावे लागत नव्हते.

स्वातंत्र्यानंतर भंडारा आधी मध्य प्रदेशात होता. त्या राज्याने १९५०मध्ये मालकी हक्क नष्ट करणारा कायदा केला, मार्च १९५१च्या शेवटी तो अमलात आला आणि तळी सरकारजमा झाली. १९५६मध्ये जिल्हा मुंबई राज्यात आला, १९६०मध्ये महाराष्ट्रात आणि १ मे १९६२पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्यावर लहान तळी त्यांच्या लघुपाटबंधारे विभागाकडे गेली. मालगुजारी गेली हे चांगलेच झाले. पण मालक बदलताना राखणदाराचा हिशेब कोणी हातात घेतला नाही. शेतकरी म्हणाला, पाणी हा आमचा निस्तार हक्क, म्हणजे वहिवाटीचा हक्क, पट्टी कसली? सरकार म्हणाले, पट्टी नाही तर दुरुस्ती कशातून? हा वाद मिटलाच नाही. तळ्याला सरकारी कागदावर ‘मा.मा. तलाव’ असे नाव पडले, लोकांनी त्याचा ‘मामा तलाव’ केला. मामाच्या गावाला जायला सगळे तयार. मामाच्या औषधपाण्याचे कोणी बघायचे, एवढेच ठरायचे राहिले.

अधिकार आहे, लेखाशीर्ष नाही

कायद्याने पाहिले तर स्थानिक संस्थांचे हात बांधलेले नाहीत. १९९२च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय आहेत. त्यांत लघुसिंचन, जलव्यवस्थापन आणि पाणलोट विकास आहे, मत्स्यव्यवसाय आहे, सामाजिक वनीकरण आहे, पिण्याचे पाणी आहे. अगदी शेवटचा, एकोणतिसावा विषय तर सामुदायिक मालमत्तेच्या देखभालीचाच आहे. पण ‘पर्यावरणाचे संरक्षण’ हे शब्द त्या यादीत नाहीत. ते बाराव्या अनुसूचीत, म्हणजे शहरांच्या यादीत आहेत. जंगल, तळी, नदीकाठ हे ज्यांच्या शिवारात आहे त्या ग्रामपंचायतींकडे पर्यावरण सुटेसुटे, विषय-विषयांत विभागून आले. अंदाजपत्रकही तसेच सुटेसुटे होते : तळे लघुपाटबंधारे विभागाकडे, त्यातले मासे मत्स्य संस्थेच्या ठेक्यात, काठावरची झाडे आणखी कोणाकडे, तळ्याशेजारची पिण्याच्या पाण्याची विहीर ग्रामीण पाणीपुरवठा विभागाकडे. पाणी एकच, फायली चार.

जिल्हा परिषदेकडे शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेची कामे असतात, म्हणून बहुतेक मामा तलाव तिचेच. पण तिचे स्वतःचे उत्पन्न, ज्याला सगळे ‘सेस फंड’ म्हणतात, ते जमीन महसुलावरचा उपकर, मुद्रांक शुल्कातला वाटा, ठेक्याची रक्कम आणि ठेवींवरचे व्याज यांतून येते. समाजकल्याण, महिला व बालकल्याण, दिव्यांग यांचे बंधनकारक हिस्से काढल्यावर उरलेल्या पैशांत प्रत्येक सदस्याला आपापल्या गटात एखादा रस्ता, एखादे सभागृह हवे असते. तळ्याच्या पाळीवर टाकलेली माती पुढच्या निवडणुकीपर्यंत गवताखाली जाते. सभागृहावर पाटी राहते. यात सदस्याला दोष देऊन भागत नाही. मतदारही पाटीच वाचतो.

पैसा कोणत्या पाटाने येतो

मग मोठा पैसा येतो कुठून? वरून. आणि तो आपापल्या अटी घेऊन येतो.

पहिला पाट वित्त आयोगाचा. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या पाच वर्षांच्या शिफारशींनुसार ग्रामीण संस्थांच्या अनुदानातला ६० टक्के पैसा ‘बंधित’ होता : त्यातला निम्मा स्वच्छतेसाठी, निम्मा पिण्याचे पाणी, पावसाचे पाणी साठवणे आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी. उरलेला ४० टक्के ‘अबंधित’. महाराष्ट्रात या पैशातला ८० टक्के वाटा ग्रामपंचायतीला, १०-१० टक्के पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला. इथे भंडाऱ्याचे नशीब थोडे बरे. डिसेंबर २०२१ आणि जानेवारी २०२२मध्ये भंडारा-गोंदियाच्या जिल्हा परिषदांच्या निवडणुका झाल्या. राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर त्यानंतर प्रशासक बसले आणि निवडून आलेले सभागृह नाही म्हणून त्यांचा वाटा अडला. भंडाऱ्यात सभागृह होते. पैशाला दार उघडे होते.

दुसरा पाट जिल्हा वार्षिक योजनेचा. पालकमंत्री अध्यक्ष असलेल्या जिल्हा नियोजन समितीत लघुपाटबंधारे, वने, पर्यटन असे विभागवार वाटप होते. तलाव दुरुस्तीची कामे येतात ती बहुतेक इथून किंवा राज्याच्या एखाद्या खास कार्यक्रमातून.

तिसरा पाट रोजगार हमीचा. महाराष्ट्राने १९७७मध्ये कायदा केला, देशाने २००५मध्ये. भंडाऱ्यातल्या कितीतरी तळ्यांचा गाळ निघाला, पाळी उंच झाल्या, पाट उकरले गेले ते याच पैशातून, एप्रिल-मेच्या उन्हात आणि मुख्यतः बायांच्या टोपल्यांनी. देशाच्या कायद्यात अकुशल मजुरीचा सगळा भार केंद्राचा होता. डिसेंबर २०२५मध्ये संसदेने त्याच्या जागी आणलेल्या नव्या कायद्यात केंद्र-राज्य प्रमाण ६०:४० ठेवले आहे. जलसुरक्षेची कामे त्यात अग्रक्रमावर आहेत खरी, पण राज्याची तिजोरी जितकी आखडेल तितकी पाळीवरची टोपली थांबेल.

चौथा पाट फारसा चर्चेत नसतो : जिल्हा खनिज प्रतिष्ठान. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथे मॉईल कंपनीच्या मँगनीजच्या खाणी आहेत. खाणपट्टाधारकांकडून स्वामित्वधनाच्या प्रमाणात जमा होणारा पैसा २०१५पासून या प्रतिष्ठानात जातो आणि त्याचा मोठा हिस्सा अग्रक्रमाच्या बाबींवर खर्च करावा लागतो. त्या यादीत पिण्याचे पाणी आहे आणि पर्यावरण संरक्षण, प्रदूषण नियंत्रण हेही स्पष्ट शब्दांत आहे. खाणीने ओरबाडलेल्या शिवाराला परत काही देण्याची इतकी सरळ सोय दुसऱ्या कोणत्या निधीत नाही.

शिवाय मोहिमा आहेतच. २०१४च्या डिसेंबरात जलयुक्त शिवार आले, २०१७मध्ये गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार. या मोहिमांनी राज्यभर पाण्याची चर्चा गावापर्यंत नेली हे मान्य करायला हवे. पण त्यांची घडण मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्याकडे बघून झालेली. तिथे पाणी अडवायला जागा करायची असते. भंडाऱ्यात जागा तीनशे वर्षांपूर्वीच करून ठेवली आहे. ती फुटू नये, बुजू नये एवढेच करायचे आहे. आणि ‘नवीन काम किती’ या तक्त्यात जुनी पाळ शाबूत ठेवल्याचे काम भरायला रकानाच नसतो.

गाळाचेही तसेच. यंत्र लागले की घनमीटर भराभर वाढतात, बिल निघते. पण तळ्याचा तळ म्हणजे नुसता खड्डा नव्हे. चिकण थर खरवडला की पाणी झिरपून जाते आणि काठाचा उथळ भाग उकरला की देवधान आणि पाण्यातल्या इतर वनस्पती मुळासकट जातात. अर्जुनी मोरगावच्या मनीष राजनकर यांनी आणि त्यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने गेल्या काही दशकांत नेमके हेच दाखवून दिले. त्यांनी मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या जाणत्यांकडून माशांचे आणि पाणवनस्पतींचे ज्ञान नोंदवले, गावकऱ्यांबरोबर बेशरम उपटली आणि काठावर स्थानिक वनस्पती पुन्हा लावल्या. स्थानिक मासे वाढतात आणि पाणपक्षी उतरतात ते अशा जित्या काठामुळे. या कामात यंत्र कमी लागते, माणसे जास्त आणि वर्षे त्याहून जास्त. सरकारी आर्थिक वर्ष मात्र ३१ मार्चला संपते, आणि तळे खऱ्या अर्थाने कोरडे होते ते त्यानंतर.

नळाचा हिशेब

पिण्याच्या पाण्याकडे बघू. १५ ऑगस्ट २०१९ला जलजीवन मिशन जाहीर झाले : प्रत्येक घरी नळ, माणशी रोज ५५ लिटर. केंद्र-राज्य निम्मे निम्मे आणि गावाचा लोकवाटा भांडवली खर्चाच्या दहा टक्के, आदिवासी-जंगलबहुल गावात पाच. जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतींनी या योजनेचे ठराव हातोहात केले. टाक्या उभ्या राहिल्या, रस्ते खोदले गेले. पुढे निधीचा ओघ मंदावला, राज्यभर ठेकेदारांची बिले थकली आणि मिशनची मुदत २०२८पर्यंत वाढली. पण योजना पुरी झाली तरी खरी परीक्षा त्या दिवसापासून सुरू होते.

एक नमुना हिशेब मांडून पाहू. समजा गावात तीनशे नळजोडण्या आहेत आणि पाणीपट्टी महिना शंभर रुपये. वर्षाची मागणी ३ लाख ६० हजार. पंपाचे वीजबिल महिन्याला १५ हजार धरले तर वर्षाला १ लाख ८० हजार. नळ कामगाराला महिना सहा हजार, म्हणजे ७२ हजार. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, तुरटी, फुटलेले व्हॉल्व्ह, जळालेल्या मोटारीचे रिवाइंडिंग मिळून ६० हजार. एकूण ३ लाख १२ हजार. कागदावर ४८ हजार शिल्लक. आता वसुली साठ टक्के झाली असे धरा. हाती येतात २ लाख १६ हजार. शिल्लक राहायची तिथे ९६ हजारांची तूट.

ही तूट भरायची कशातून? बंधित निधीतून. २०२१मध्ये थकीत वीजबिले वित्त आयोगाच्या पैशातून भरा, असे राज्य सरकारनेच ग्रामपंचायतींना सांगितले. म्हणजे जो पैसा पावसाचे पाणी मुरवायला, विहिरीचा स्रोत टिकवायला होता, तो महावितरणकडे गेला. उन्हाळी धानासाठी शेजारी बोअर खोल जातात, सार्वजनिक विहीर एप्रिलमध्ये तळ गाठते, मग टंचाई आराखड्यातून विहीर खोलीकरण, आणि पुन्हा नवे अंदाजपत्रक. स्रोत राखण्याचे काम त्या वर्षी राहून जाते. पुढच्या वर्षीही.

यात दोष फक्त वसुली न करणाऱ्या सरपंचाचा नाही. पट्टी वाढवायचा विषय ग्रामसभेत निघाला की पहिला आवाज येतो, “आधी पाणी तर नीट सोडा.” पाणी नीट सोडायला माणूस आणि दुरुस्ती लागते, त्यासाठी पट्टी लागते. हे चक्र कोणी तरी पहिल्यांदा तोडावे लागते. तरीही एक गोष्ट या व्यवस्थेत शिकण्यासारखी आहे. महाराष्ट्रात गावोगाव जलसुरक्षक नेमलेला आहे. तो टीसीएल टाकतो, नमुने पाठवतो आणि स्रोतांच्या पाहणीनंतर ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. सलग पाच वर्षे साथ नसेल तर चंदेरी. लाल कार्ड आले की तालुक्याच्या बैठकीत सरपंचाला मान खाली घालावी लागते. साध्या रंगीत कागदाने जी धाक-लाज निर्माण केली, ती कोणत्याही परिपत्रकाने केली नाही. तळ्याच्या पाळीला असे कार्ड अजून कोणी दिलेले नाही.

पर्यावरण म्हटले की झाडे मोजतात

२ ऑक्टोबर २०२० रोजी राज्याने माझी वसुंधरा अभियान सुरू केले. भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश या पंचतत्त्वांवर ग्रामपंचायती आणि नगरपालिकांना गुण द्यायचे, पहिल्या येणाऱ्यांना बक्षीस. पर्यावरण हा विषय नगर परिषदेच्या सभेत आणि ग्रामपंचायतीच्या मासिक बैठकीत नियमाने येऊ लागला तो या अभियानामुळे, आणि हे छोटे काम नाही. पण गुण कशाला? जे मोजता येते त्याला. किती रोपे लावली, किती एलईडी दिवे बसवले, किती जणांनी हरित शपथ घेतली. तळ्याचे पाणी दुसऱ्या तळ्यात, तिथून तिसऱ्यात जाते. ही साखळी मधल्या गावाने अतिक्रमण करून तोडली नाही, याला गुण मिळत नाहीत. जैवविविधता कायदा २००२चा. त्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही हवी. समित्या कागदावर झाल्या, नोंदवह्या तयार झाल्या. त्या उघडून निर्णय घेण्याची वेळ क्वचितच येते.

सारस पक्ष्याची गोष्ट यात वेगळी ठरते. महाराष्ट्रात सारस उरला तो मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात. त्यातही गोंदियात काही, भंडाऱ्यात हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे. तो घरटे बांधतो तळ्याच्या काठी नाही तर थेट धानाच्या बांधीत. २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली संवर्धन समित्या झाल्या, आराखडे मागवले गेले, पाणथळ जागांची नोंद घ्यायला यंत्रणा हलली. एका पक्ष्याच्या निमित्ताने जिल्ह्याला विचारावे लागले की आपली तळी नेमकी कुठे, किती आणि कोणत्या अवस्थेत आहेत. पण हे न्यायालयाने विचारल्यावर झाले. स्थानिक सभागृहाने आधी विचारले असते तर त्याला खरा पाठिंबा म्हणता आले असते.

वरच्याचे पाणी, खालच्याचे नाक

काही प्रश्न मात्र जिल्ह्याच्या तिजोरीला पेलणारे नाहीत. नागपूर शहर पेंच आणि कन्हानचे पाणी पिते. सांडपाणी नाग नदीत सोडते. नाग कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि पुढे पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरणाच्या भिंतीला येऊन सगळे थांबते. नदी वाहत होती तेव्हा घाण पुढे जायची; जलाशय झाल्यावर ती साचू लागली. जलपर्णीचे हिरवे थर, पाण्याचा वास, मासेमारांची रिकामी जाळी, खाज सुटल्याच्या तक्रारी हे काठच्या गावांच्या रोजच्या बोलण्यातले विषय आहेत. जिल्हा परिषदेत आणि नगर परिषदेत यावर ठराव झाले, निवेदने गेली, आंदोलने झाली. इथे स्थानिक संस्थांचा पाठिंबा कमी पडला असे म्हणता येणार नाही. पण भंडाऱ्याने कितीही ठराव केले तरी मलशुद्धीकरण केंद्र नागपुरातच बांधावे लागते.

नागपूर या बाबतीत अगदीच हात बांधून बसलेले नाही. भांडेवाडीच्या केंद्रात शुद्ध केलेले पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला देण्याचा त्याचा प्रयोग देशभर सांगितला जातो. नाग नदी पुनरुज्जीवनाचा दोन हजार कोटींच्या घरातला प्रकल्पही मंजूर झाला आहे, त्यात केंद्र ६०, राज्य २५ आणि नागपूर महापालिका १५ टक्के अशी वाटणी आहे. या वाटणीत भंडारा कुठेच नाही. देणाऱ्यांत नाही हे ठीक, पण विचारणाऱ्यांतही नाही. खालच्या काठाला प्रकल्पाच्या देखरेखीत एक खुर्ची मिळावी, ही मागणी रास्त आहे आणि तिला खर्चही नाही.

गोसीखुर्दचे स्वतःचे अर्थकारण तर बोधप्रद. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन, मूळ अंदाज ३७२ कोटींचा, २००९मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा, लक्ष्य अडीच लाख हेक्टर सिंचनाचे. खर्च हजारो कोटींत गेला. भंडाऱ्याने या धरणासाठी गावे दिली, जमिनी दिल्या. एवढ्या पैशाच्या सावलीत हजार तळ्यांच्या पाळींवर टाकायच्या मातीचा खर्च चिल्लर वाटतो, आणि चिल्लर म्हणूनच तो राहून जातो. ऑगस्ट २०२०च्या शेवटी मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचे पाणी सोडल्यावर वैनगंगेला पूर आला, भंडारा-पवनीत घरे बुडाली; तेव्हा मदतीचा पैसा आठवड्यांत जाहीर झाला. आपत्ती आली की तिजोरी उघडते. आपत्ती टाळायला मात्र किल्ली सापडत नाही.

शेजारी काय झाले

तेलंगणाही तळ्यांचा मुलूख. काकतीय राजांच्या काळापासूनची साखळी तळी तिथे आहेत. नवे राज्य झाल्यावर २०१५मध्ये तिथल्या सरकारने मिशन काकतीय हाती घेतले : ४६ हजारांहून अधिक तळी टप्प्याटप्प्याने दुरुस्त करायची, आणि गाळ शेतकऱ्याने स्वतःच्या खर्चाने शेतात न्यायचा. पूर्व विदर्भाने त्यातून घेण्यासारखे दोन धडे आहेत. एक, तळ्यांची मोजणी करून सगळ्यांना एकाच कार्यक्रमात आणले तर राज्याच्या अंदाजपत्रकात त्यांना स्वतःचे स्थान मिळते. पूर्व विदर्भात असे साडेसहा-सात हजार तलाव आहेत. आकडा लहान नाही. दुसरा धडा सावध करणारा : मोहीम संपल्यावर पुन्हा राखणदाराचा प्रश्न उरतोच. दुरुस्ती मोहिमेने होते, राखण पगाराने होते.

मग पाठिंबा कशाला म्हणायचे

ठराव, निवेदन, वृक्षदिंडी यांवरून पाठिंबा मोजायचा तर भंडारा जिल्हा पहिल्या रांगेत बसेल. स्वतःच्या खिशातून किती आणि कशासाठी, असे विचारले तर रांग बदलेल. आणि खिसा लहान आहे ही तक्रार खरी असली तरी पुरेशी नाही, कारण काही वाटा आजच्या आज मोकळ्या आहेत. तळ्यातल्या मासेमारीच्या ठेक्याची रक्कम त्याच तळ्याच्या पाळीवर खर्च करायची, असा ठराव जिल्हा परिषद करू शकते. खनिज प्रतिष्ठानातून तुमसरच्या तळ्यांसाठी पर्यावरणाच्या रकान्यात पैसा मागता येतो. बंधित निधी वीजबिलात जिरवण्याआधी निदान चौथा हिस्सा स्रोतासाठी बाजूला काढता येतो. ग्रामपंचायत विकास आराखडा गावाच्या हद्दीत न कोंबता साखळीतल्या चार-पाच गावांनी तळ्यापुरता एकत्र करता येतो. आणि जलसुरक्षकाप्रमाणे पाणकर पुन्हा नेमता येतो, महिन्याच्या मानधनावर. त्याच्या हाती पाळीचे लाल-हिरवे कार्ड देता येते. वित्त आयोग बदलतात, योजनांची नावे बदलतात. वर्षाच्या अंदाजपत्रकात ‘तलाव देखभाल’ अशी एक ओळ आणि तिच्यासमोर छोटा का होईना पण दरवर्षी हलणार नाही असा आकडा, एवढे पदरात पडले तरी सुरुवात होईल.

जुलैतल्या त्या पाळीवर पुढे काय होते? निधीची वाट बघत कोणी बसत नाही. दुसऱ्या दिवशी उजाडता-उजाडता दहा-बारा जण कुदळी, विळे घेऊन येतात. पाटातली बेशरम कापून काठावर टाकतात, तुडुमात उतरून हाताने गाळ उपसतात, पाळीतली भोके मुरूम कोंबून बुजवतात. दुपारपर्यंत पाणी पाटाला लागते आणि खालच्या बांध्यांमध्ये रोवणी सुरू होते. बारा माणसांचा दिवस मोडला, त्याची मजुरी कोणी लावली नाही. जिल्हा परिषदेच्या फायलीत त्या तळ्यासमोर अजून ‘दुरुस्ती प्रस्तावित’ असेच लिहिलेले आहे.